बाळंतिणीचा निळा दिवा

समई अर्धी घासून झाली होती. एक अंग सोन्यासारखं झळकत होतं आणि दुसऱ्या अंगावर वर्षाचं तेल काळं होऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. पाण्याची ओरड, म्हणून मुक्ताबाई पितळ चुलीतल्या राखेनं कोरडंच घासायच्या आणि शेवटी ओलं फडकं फिरवायच्या. वाटीभर पाण्यात सगळा देव्हारा उजळून निघायचा. हात कोपरापर्यंत राखेचे, पदर कमरेला खोचलेला. समई फिरवता फिरवता त्यांनी मान वळवून भिंतीकडच्या काचेच्या पेटीत डोकावलं, आणि घासणारा हात तिथंच थांबला.

पेटीत पाण्याखाली एक खापर उभं होतं, फुटक्या माठाचा तुकडा. त्याच्यावर आठवडाभरापूर्वी नारिंगी दाणे चिकटलेले दिसत होते, ज्वारीच्या कणसावर दाणे भरावेत तसे दाट. मग ते मातकट झाले. आणि आज प्रत्येक दाण्यात चांदीचे दोन ठिपके लुकलुकत होते. ते डोळे होते. सगळं खापर मुक्ताबाईंकडे टकामका बघत होतं.

त्या राखेच्या हातांनीच उठल्या आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला, आप्पारावांना, आत बोलावलं.

"अवो, डोळे चमकाया लागले. आज दिवस मावळला की फुटतेत बघा."

आप्पाराव साखर कारखान्यात वायरमन होते. आयुष्य विजेच्या तारांत गेलेलं, त्यामुळे खात्री पटल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही, हा स्वभाव. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मागल्या बारीलाबी तू हेच म्हनलीस."

ते खोटं नव्हतं. मागच्या खेपेलाही डोळे आले होते, त्याच्या आधीही आले होते, आणि एकदाही पिलू म्हणून हाती लागलं नव्हतं. पण या वेळी मुक्ताबाईंना कारण सापडलं होतं. आणि या वेळी चुकून चालण्यासारखंही नव्हतं. दसरा झाला की बायकांच्या दूध संस्थेची सभा होती, आणि संस्था बंद करायचा ठराव त्या सभेपुढे यायचा होता. तो ठराव अडवायला मुक्ताबाईंजवळ या खापरावरच्या डोळ्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

परळीहून धारूरच्या वाटेला लागलं की औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या पाठीमागं राहतात आणि उघडा माळ सुरू होतो. त्या माळावर खडकवाडी. मुक्ताबाईंचं माहेर शिरूर कासारकडचं. आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि लहान मुक्ता उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे फडाकडच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळायची. शाळेचं तोंड दिवाळीनंतर कधी बघितलंच नाही. खडकवाडीत सून म्हणून आल्या तेव्हा नवऱ्याला कारखान्यात नोकरी होती, घरावर पत्रा होता, आणि मुख्य म्हणजे दसऱ्यानंतर कुठं जायचं नव्हतं. एवढ्या सुखाची सवय व्हायला त्यांना काही वर्षं लागली, असं त्या हसत सांगायच्या.

पण शेजारणी जायच्या. शेजारची बायनाबाई तर तान्हं पोर पाठीशी बांधून जायची. ते मुक्ताबाईंना बघवेना. मग त्यांनी आणि मोठ्या वाड्यातल्या विमलबाईंनी दारोदार फिरून बायकांची दूध संस्था उभी केली. विमलबाई जमीनदाराच्या घरातल्या, शिकलेल्या, चार माणसांत उठून बोलणाऱ्या. त्या चेअरमन झाल्या. मुक्ताबाई दूध मापायला बसल्या. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि बोट बुडवायच्या आधी नुसत्या वासावरून दुधात पाणी आहे का ते सांगायच्या. पाणी घालणारीला चारचौघींत बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन ताक मागायच्या आणि जाता जाता कानात सांगून यायच्या. त्यामुळे संस्थेत भांडणं फार झाली नाहीत आणि दूध परळीत नावाजलं गेलं. बायनाबाईनं दोन म्हशी घेतल्या आणि कोयता आढ्याला खोवला.

मग पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. दोन हजार पंधरा साली तर पोळ्याला बैलांची खांदमळणी करायला पाणी नव्हतं. विहिरींचे तळ दिसले, जनावरं चारा छावणीत गेली, आणि संस्थेत सकाळी जे कॅन ओळीनं भरायचे तिथं एक कॅन अर्धा भरेना. कारखान्याला ऊस नाही म्हणून बॉयलर पेटणार नाही असं कळलं. बायनाबाईनं आढ्याचा कोयता काढून धार लावून घेतली. दूधघर, म्हणजे संस्थेची ती फरशी बसवलेली, विजेची सोय असलेली, गावातली सगळ्यात थंडगार खोली, दिवसभर कुलूपबंद पडून राहायला लागली.

त्या कुलपाकडे बघून सगळ्या हळहळायच्या. मुक्ताबाई मात्र वेगळाच विचार करायच्या, कारण त्यांच्या घरात ती काचेची पेटी होती.

पेटी आणली त्यांच्या लेकानं, उत्तरेश्वरनं. तो नवी मुंबईला माशांच्या पेट्या बसवून देणाऱ्या दुकानात कामाला. दुकानातून उतरलेली एक जुनी पेटी, पोतंभर समुद्री मीठ आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी असं सगळं घेऊन तो एका दिवाळीला आला. आईला म्हणाला, मी नसतो तेव्हा घर सुनं वाटतं ना, हे घे. माळकरणीच्या घरात मासे आले म्हणून गावभर हसं झालं. मुक्ताबाईंनी शांतपणे सांगितलं की देवानं पहिला अवतारच माशाचा घेतला, तेव्हा पाहुणे म्हणून आले तर त्यात बाट कसला.

खरी टोचणी पाण्याची होती. बायनाबाई तोंडाची फटकळ. तिनं भरल्या ओट्यावर विचारलं होतं, "कावून गं अक्का, माणसाला प्यायला घागर मिळंना, अन तू पाण्यात मीठ कालवून मासे पोसतीस व्हय?"

मुक्ताबाईंना ते लागलं. पण त्या चिडल्या नाहीत, बघत राहिल्या. बघता बघता त्यांना उमगलं की हे पाणी एकदा भरलं की भरलं. ते पाजायचं नाही, फेकायचं नाही. उन्हानं थोडं उडून जातं आणि मीठ मागंच राहतं, आधणातलं पाणी आटलं तरी मीठ पातेल्यात राहावं तसं. उडालं तेवढं गोडं पाणी तांब्यानं वरून घालायचं, झालं. त्या तांब्याचाही हिशेब कुणाला द्यायला लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळचा चहा सोडला. देवापुढं उभं राहून सोडला, म्हणजे मोडायची सोय नको. मग बायनाबाईला बोलावून सांगितलं, "माझा चहा मासे पितेत. तुझ्या घागरीला हात लावला न्हाई." त्यावर बायनाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि त्या दिवसापासून ती रोज माशांची खुशाली विचारायला लागली. "मासे चहा प्याले का?" असं.

आणि त्यातूनच मुक्ताबाईंच्या डोक्यात ते शिरलं. म्हशीला वैरण लागते, पेंड लागते, दोन वेळा पाणी लागतं. या जिवाला चिमूटभर दाणा आणि तांब्याभर पाणी. उत्तरेश्वर फोनवर म्हणाला होता की आई, असली पिलं घरात कुणी वाढवली तर आमचा मालक येईल तेवढी घेईल, लोकांना समुद्रातून धरलेल्यापेक्षा घरची बरी वाटतात, लवकर मरत नाहीत. बस. दूधघर डोळ्यांपुढं उभं राहिलं. म्हशी पावसावर परत येतील तेव्हा येतील, तोवर तिथं टब मांडायचे. कोयता पुन्हा आढ्याला.

हे त्यांनी विमलबाईंना सांगितलं तेव्हा विमलबाई आधी हसल्या, मग विचारायला लागल्या. संस्थेच्या पोटनियमात मासा कुठं बसवायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून कठीण. मुक्ताबाई, तुमच्या घरात एक तरी पिलू जगलंय का? मला सभेत उभं राहून सांगायचं तर माझ्या डोळ्यांनी बघायला पाहिजे. सभेच्या आत दाखवा, ठराव मी मागं घेते. नाही दाखवलं तर कुलूप कायमचं.

आता त्या कारणाकडे यायला हवं, जे मुक्ताबाईंना सापडलं.

पेटीच्या झाकणात उत्तरेश्वरनं दोन दिवे बसवले होते. एक दिवसाचा, पांढरा. एक रात्रीचा, निळा, अगदी मंद. रात्री तो लावला की खोलीत चांदणं पडल्यासारखं वाटायचं आणि माशांच्या अंगावरचे पांढरे पट्टे मोत्यासारखे दिसायचे. लेकानं सांगितलं होतं की हा आपल्या हौशीचा दिवा, थोडा वेळ लावायचा आणि झोपताना बंद करायचा, त्यांनाही रात्र लागते. मुक्ताबाईंनी मान डोलावली. पण माशिणीनं पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा त्यांना ते पाळवेना.

कारण बाळंतिणीच्या खोलीत अंधार करायचा नसतो. पाचव्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर लिहून जाते. दिवा विझला तर ती लिहिणार कशी? उत्तरेश्वरच्या पाचवीला वारं सुटलं होतं. पत्र्याच्या फटीतून वारा आत यायचा आणि दिवा मान टाकायचा. सासूबाईंनी रात्रभर पदराचा आडोसा धरला, हात भरून आला तरी सोडला नाही. ती रात्र मुक्ताबाईंच्या अंगात मुरलेली. त्यामुळे माशीण बाळंत झाली म्हटल्यावर त्यांनी आप्पारावांना सांगून टाकलं की हा निळा दिवा आता विझता कामा नये, लाइट गेली तरी विझता कामा नये. आप्पारावांनी बायकोचं ऐकून पक्कं काम केलं. दिवा बॅटरीला जोडला आणि कारखान्याच्या कॉलनीत रस्त्याच्या दिव्यांना असायचं तसलं बटण बसवलं, जे अंधार पडला की आपोआप दिवा लावतं. रोज संध्याकाळी मुक्ताबाई देवापुढं सांजवात करायच्या आणि त्याच सुमाराला पेटीत निळं चांदणं उगवायचं. बघणारणी हात जोडायच्या.

आणि अंडी डोळे उघडून, तशीच बसून, पांढरी पडून जायची.

पहिल्यांदा वाटलं पाणी बाधलं. दुसऱ्यांदा वाटलं दृष्ट लागली. मीठमोहऱ्याही उतरून झाल्या. मागच्या खेपेला मात्र मुक्ताबाई मेलेलं खापर धुवायला काढून उन्हात घेऊन बसल्या. खापराची पाठ दिव्याच्या अंगाला होती, तिथले दाणे सगळे पांढरे, भरलेले, मेलेले. मग त्यांनी खापर उलटं केलं. पोटाची बाजू, जिथं सावली पडायची, तिथंही माशिणीनं थोडी अंडी घातली होती. ती अंडी रिकामी होती. नुसती टरफलं, फुटून मोकळी झालेली. म्हणजे अंधारातली लेकरं जन्मली होती! कुणी बघितली नाहीत, आणि सकाळपर्यंत मोठ्या माशांच्या तोंडी गेली असतील, पण जन्मली होती.

मुक्ताबाई कितीतरी वेळ ते खापर मांडीवर घेऊन बसल्या. दिव्यानं लेकरं मारली हे मनाला पटेना, आणि डोळ्यांपुढचं तर नाकारता येईना. त्या रात्री देवापुढं बसल्या असताना त्यांना एकदम सुचलं, आणि सुचलं ते इतकं सोपं होतं की हसूच आलं. सटवाईचा दिवा लेकरू जन्मल्यावर लावतात. ही अंडी म्हणजे अजून पोटातलीच लेकरं. पोटातल्या लेकराला कुणी दिवा दाखवतं का? नऊ महिने देव त्याला अंधारातच घडवतो. आपण बाई आधीच दिवा लावून बसलो, म्हणून बिचारी बाहेर यायला रात्र व्हायची वाट बघत बसली आणि रात्र काही झाली नाही.

तर अशी सगळी तयारी मनात होऊन मुक्ताबाई आजच्या दिवसाची वाट बघत होत्या.

दुपारभर त्यांचा पाय ठरेना. काळा टब घासून ठेवला, त्यात पेटीतलंच पाणी काढून भरलं, हवेची नळी सोडली. उत्तरेश्वरला फोन केला. तो तिकडे त्यांच्यापेक्षा जास्त उड्या मारायला लागला. त्यानं दोन गोष्टी बजावल्या. अंडी फुटली की पिलं मंद उजेडाकडे धावतील, तेव्हा एका कोपऱ्याला उजेड धर आणि पेल्यानं अलगद उचलून टबात सोड, जाळी लावू नको. आणि त्यांना पहिला घास म्हणून डोळ्याला न दिसणारे जिवंत किडे लागतात, त्याची बाटली मी रात्रीच्या गाडीनं ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो. उद्यापर्यंत त्यांच्या पोटाला जन्माची शिदोरी असते.

सूर्य बालाघाटाच्या डोंगराला टेकला तशा विमलबाई आल्या, मागोमाग बायनाबाई. विमलबाईंनी दारातच कुरकुर केली की आज सर्वपित्री अवस, अवसेला कुणी नवं काम धरतं का.

"जन्माला येणारं लेकरू मुहूर्त इचारतं व्हय?" मुक्ताबाई म्हणाल्या. "अन अवसेइतका अंधार मला कोन देनार?"

बायनाबाई पेटीपाशी उकिडवी बसली. मोठी माशीण वरच्या पाण्यात हिंडत होती आणि लहानसा नर खापराला चिकटून पंखांनी वारा घालत होता, मधेच एखादा दाणा तोंडानं साफ करत होता. तो बाप आहे आणि आठवडाभर तो हेच करतोय, हे कळल्यावर बायनाबाईनं दारातल्या आप्पारावांकडे बघितलं.

"मामा, बघा जरा. शिकून घ्या."

"आता या वयात काय शिकू," आप्पाराव म्हणाले, "अन शिकलो तरी अंडी कोन घालनार?"

विमलबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

दिवस बुडाला. देवापुढची सांजवात झाली. ग्रामपंचायतीचा नवा खांब लागल्यापासून खिडकीतून इतका उजेड आत यायचा की निळा दिवा हल्ली लागतच नव्हता, आणि मुक्ताबाईंना त्याचा विसर पडला होता. खांबाचा उजेड अडवायला त्यांनी जाडजूड वाकळ काढली आणि पेटीवर चारी अंगांनी पांघरली, जमिनीपर्यंत. पेटीच्या माथ्यावर एक घोंगडी. सगळ्या जणी भिंतीला टेकून बसल्या. मोबाइल मुक्ताबाईंनी गोळा करून पिठाच्या डब्यात टाकले, चेअरमनबाईंचा सुद्धा.

आणि वाकळीला आतून निळा उजेड आला.

टाक्याटाक्यांतून, जुन्या लुगड्यांच्या विरलेल्या जागांतून, निळं चांदणं झिरपायला लागलं. खोलीभर वाकळीची नक्षी उमटली. क्षणभर कुणाला काही कळेना. बायनाबाईनं तर हात जोडले. मग मुक्ताबाईंच्या ध्यानात आलं. वाकळ पांघरली, आत अंधार झाला, आणि आप्पारावांचं ते शहाणं बटण अंधार बघून आपलं काम करायला लागलं. जितकं झाकावं तितका दिवा आणखी खात्रीनं लागणार.

"अवो, तुमचा दिवा," त्या एवढंच म्हणाल्या.

आप्पाराव उठले, चाचपडत मागं गेले. बटण त्यांनी आतून लाखेनं बंद केलेलं, कारण बायकोनंच सांगितलं होतं की विझता कामा नये. बॅटरी काढावी तर हवेचा पंप त्याच बॅटरीवर, तो बंद पडला तर मासे गुदमरतील. दिव्याची तार आणि पंपाची तार त्यांनी एकाच फितीत गुंडाळलेली. नीटनेटकं काम करायची खोड. विमलबाई हळूच म्हणाल्या की असू द्या, एवढ्याशा उजेडानं काय होतंय. मुक्ताबाई पहिल्यांदाच त्यांच्यावर खेकसल्या की एवढ्याच उजेडानं तीन वेळा माझी लेकरं गेली.

आप्पारावांनी पक्कड घेतली. बोटांनी फीत सोलली, दोन तारा हातात धरून थांबले. कोणती कोणती ते दिसत नव्हतं, आणि दिवा लावून बघायची तर सोय नव्हती. त्यांनी पंपाची घरघर ऐकत एक तार नुसती दाबली, वाकवली. पंप तसाच चालू राहिला, वाकळ मात्र लुकलुकली. "ही तुझी," ते म्हणाले आणि कट्कन तोडली.

निळं चांदणं गेलं. पंप घरघरत राहिला.

मग नुसता अंधार. देव्हाऱ्याचं दार लोटून घेतलेलं, खांबाचा उजेड अडवायला आता खिडकीवर पोतंही लावलेलं. आधी आपलेच श्वास ऐकू येत होते. मग बायनाबाई अगदी खालच्या आवाजात पाळणा म्हणायला लागली, बारशाला म्हणतात तसला, आणि विमलबाईंनी, ज्यांना कुणी कधी गाताना ऐकलं नव्हतं, दुसरी ओळ धरली. मुक्ताबाई गात नव्हत्या. मनात नामाचा जप चालला होता आणि दर चार नामांनंतर त्यांचा हात आपोआप वाकळीकडे जायचा, आणि त्या तो दुसऱ्या हातानं मागं ओढायच्या. उचलून बघावं का? आत्ता उचललं तर? नको. पाचवीच्या रात्री सासूबाईंचा हात दिव्यासाठी भरून आला होता. आज आपला हात अंधारासाठी भरून येतोय, असं त्यांच्या मनात आलं.

पाळणा संपला, दुसरा झाला, तिसरा झाला. बायनाबाईला गाणी सुचेनात तेव्हा तिनं ऊसतोडीतली एक चावट ओवी म्हटली, आणि अंधारात चेअरमनबाई आहेत हे विसरून सगळ्यांना हसू फुटलं. त्या हसण्यातच मुक्ताबाई उठल्या. पुष्कळ झालं असं त्यांच्या जिवानं सांगितलं.

त्यांनी देव्हाऱ्यातून निरांजन आणलं, एकच वात. हाताची ओंजळ आड धरून त्या पेटीपाशी आल्या. दुसऱ्या हातानं वाकळीचा एक कोपरा उचलला आणि निरांजन काचेच्या कोपऱ्याला टेकवलं.

काही नव्हतं. काळं पाणी आणि ज्योतीचं प्रतिबिंब.

आप्पाराव काहीतरी म्हणायला तोंड उघडत होते. तेवढ्यात त्या प्रतिबिंबात एक कण हलला. धुळीचा असावा तेवढा. मग दुसरा. मग काळ्या पाण्याच्या आतून, खालून, बाजूनं, चांदीच्या कणांची एक धूळच उजेडाकडे उसळत आली, आणि प्रत्येक कणाला शेपूट होती, आणि प्रत्येक कण आपापल्या जिवानं वळवळत होता. कोपरा भरून गेला. जत्रेत दर्शनाला रेटारेटी व्हावी तशी ती इवलीशी लेकरं ज्योतीपाशी एकमेकांवर चढत होती.

"आले," मुक्ताबाई म्हणाल्या. डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता.

विमलबाई गुडघ्यावर बसून काचेला नाक लावून बघत होत्या. बायनाबाई निरांजनाच्या उजेडात त्यांच्या खांद्यावरून डोकावत मोजायला लागली आणि हरली. आप्पारावांनी पेला आणला. मुक्ताबाईंनी पेला तिरका करून अलगद पाण्यात टेकवला, पिलं पाण्याबरोबर आपसूक आत आली, आणि पेला काळ्या टबात तसाच बुडवून सोडला. एकदा, पुन्हा, पुन्हा. मोठी माशीण मागून फिरत होती, पण ओंजळीतल्या ज्योतीपर्यंत आलेलं एकही पोर तिच्या तोंडी लागलं नाही. खापर दोन्ही अंगांनी रिकामं झालेलं होतं.

"मलाबी दे एक पेला," बायनाबाई म्हणाली. "हे शिकले तर मला दसऱ्याला जायचं न्हाई ना गं, अक्का?"

मुक्ताबाईंनी तिच्या हातात पेला दिला. त्या विमलबाईंकडे बघत राहिल्या.

विमलबाई सावकाश उठल्या. साडी झटकली, चष्मा नीट केला, सभेत उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या आणि मग त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण पुन्हा खाली बसल्या. "पोटनियमाचं मी बघते," त्या म्हणाल्या. "ठराव मागं घेतला. दूधघराची किल्ली उद्या सकाळी बायनाबाईकडं पाठवते. आधी ती खोली झाडून घ्या, गेल्या महिन्यापासून तिथं पाली झाल्यात."

बायनाबाईनं पेला पाण्यात टेकवला. पिलं आली. तिनं ती टबात सोडली आणि आप्पारावांना म्हणाली की मामा, घरी गेले की त्या कोयत्याचं काय करू ते तुमी सांगा, आढ्यावर ठिवू का त्याची इळी करून घेऊ. आप्पाराव म्हणाले, आधी मला ही तार जोडू दे, मग बघू.

टबावर मुक्ताबाईंनी निरांजन ठेवलं नाही. लांब, कोनाड्यात ठेवलं. आता लेकरं जन्मली होती, आता दिवा हवाच होता, पण झोपू द्यायलाही हवं होतं. त्यांनी टबाकडे वाकून बघितलं, मनातल्या मनात सटवाईला हात जोडले, आणि बायांनो चहा पिणार का असं विचारलं. मग आठवलं, संध्याकाळचा चहा आपण सोडलाय. तो त्यांनी इतरांपुरता ठेवला.

चहा उकळेपर्यंत विमलबाईंनी उत्तरेश्वरला फोन लावून बातमी सांगितली. तिकडून तो काय बोलला ते मुक्ताबाईंना ऐकू आलं नाही, कारण त्या आप्पारावांना सांगत होत्या की सायकलीत हवा भरून ठेवा, पिलांच्या पोटातली शिदोरी उद्यापुरतीच हाय. पहाटे उठायचं, घट बसवायचे, आणि उजाडताच परळी स्टेशनावर जाऊन मुंबईच्या गाडीनं आलेली किड्यांची बाटली घेऊन यायची.